पाऊस नाही म्हणालं अ‍ॅप, खरं वारा कोण बघायचा?

या वेळचं पत्र वडगावातनं, म्हणजे आपल्या बेळगावातनंच आलंय. लांबलचक आहे म्हणून थोडं कापून देतोय.

"दादा, मी आणि माझा मावसभाऊ दोघांनी पैसे घालून हवा भरायची दोन सीटची कयाक घेतली. मेच्या एका रविवारी हिडकल धरणाच्या बॅकवॉटरला गेलो. सकाळी अ‍ॅप बघितलं, पाऊस 20 टक्के, वारा 14, म्हटलं एवढ्यानं काय हुतंय. सकाळी दोन तास मारलं, एकदम काचेसारखं पाणी, जेवलो आणि तीनला परत उतरलो. साडेतीनला पूर्वेकडनं काळं झालं आणि दहा मिनटांत असला वारा सुटला की बोट गोल गोल फिराय लागली, पॅडल मारून मारून हात गेले तरी आमचा काठ लांबच जातोय. पाऊस तर अजून आलाच नव्हता. शेवटी पलीकडच्या काठाला चिखलात जाऊन रुतलो, वरनं गारा. घरी भावानं सगळं सांगून सोडलं. आता आई म्हणते बोट विक, नाहीतर मी विळीनं फाडते. मला एवढंच सांगा, कुठलं अ‍ॅप बरोबर सांगतंय? आणि आईला काय सांगू? — शप्पथ खाल्लेला, वडगाव"

अरे शप्पथवाल्या, दोघं काठाला लागलात हे बरं झालं, कुठल्या का काठाला असेना. अंगात लाईफ जॅकेट होतं की बोटीत मागं ठेवलं होतं हे काही लिहिलं नाहीस, आणि जे लिहिलं नाहीस त्यावरनंच मला शंका यायलीय. ते आधी. बाकी सगळं त्याच्या नंतर.

आता अ‍ॅपचं. तू विचारतोस कुठलं अ‍ॅप बरोबर सांगतंय, खरं तुझ्या पत्रात तर अ‍ॅपनं बरोबरच सांगितलंय. तू पाऊस बघितलास. पावसानं कयाक उलटत नाही, पावसानं माणूस भिजतो, एवढंच. बोट फिरवली ती वाऱ्यानं, आणि वाऱ्याचा आकडा तू वाचलास तो पण बहुतेक चुकीचा वाचलास. 14 म्हणजे काय 14? किलोमीटर की नॉट? विंडीसारख्या अ‍ॅपवर पुष्कळदा वारा नॉटमध्ये असतो आणि एक नॉट म्हणजे 1.852 किलोमीटर, म्हणजे तुझे 14 नॉट असतील तर ते झाले ताशी 26 किलोमीटर. तेवढ्या वाऱ्यात उघड्या पाण्यावर लाटांच्या डोक्यावर सगळीकडं पांढरा फेस दिसतो, आणि नवशिक्यानं तो फेस बघून काठावर चहा पीत बसायचं असतं. सेटिंगमध्ये जाऊन युनिट बदल आज, आत्ता, हे वाचता वाचता.

आणि त्याच पानावर खाली अजून एक ओळ असते, गस्ट म्हणून, म्हणजे झोत. वरचा आकडा सरासरीचा असतो, झोताचा आकडा म्हणजे मधनं मधनं वारा कितीपर्यंत उसळी मारणार ते. वारा 12 आणि झोत 15 असेल तर वारा एकसारखा आहे, जमतं. वारा 12 आणि झोत 38 असेल तर वर कुठंतरी गडबड आहे, त्या दिवशी दुपारी पाण्यात जायचं नाही, त्यात विचार करण्यासारखं काय नाही. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो, दहाचा वीस झाला तर तुझ्या बोटीवर दुप्पट नाही चौपट दाब येतो, आणि दहाचा तीस झाला तर नऊपट. म्हणून "थोडाच तर वाढलाय" असं वाऱ्याच्या बाबतीत कधी नसतंय. तुमची बोट तर हवेनं फुगवलेली, पाण्यात बुडते चार बोटं आणि वर उभी राहते फूटभर, म्हणजे अर्धी बोट आणि अर्धं शीड. तळाला लावायची प्लॅस्टिकची पंखी येते बघ बॉक्समध्ये, मला वाटतं ती लावलीच नव्हती तुम्ही, नाहीतर एवढी गोल फिरली नसती.

20 टक्क्यांचं पण सांगतो, कारण हे आपल्याकडं सगळेच चुकीचं वाचतात. एप्रिल-मेतला आपला वळीव म्हणजे जुलैतला पाऊस नव्हे. जुलैत पश्चिमेकडनं एकसारखं आभाळ येतं, चंदगडला पडतो, खानापूरला पडतो, बेळगावात पण पडतो. वळवाचं तसं नाही, टिळकवाडीत धो धो आणि वडगावात धूळ, हे तू लहानपणापासनं बघितलायस. तो ढग असतोच चार-पाच, फार तर दहा किलोमीटरचा. आणि हवामानाचा अंदाज काढणारी जगातली चांगली कॉम्प्युटर मॉडेलं आहेत, युरोपवाल्यांचं धर, ते जमिनीचे साधारण 9 किलोमीटरचे चौकोन करून हिशोब करतं. आता चार-पाच किलोमीटरचा ढग 9 किलोमीटरच्या चौकोनात कुठं दिसणार? त्यामुळं ते म्हणतं, या भागात आज दुपारी कुठंतरी फुटणार, तुझ्याच डोक्यावर फुटेल याची शक्यता वीस टक्के. मे महिन्यातल्या दुपारचे 20 टक्के म्हणजे "नाही" नव्हे, "कुठंतरी नक्की" असं वाच. आणि टक्क्यांचा आकडा दिवसाचा बघू नको, तासातासाचा बघ, सकाळी शून्य शून्य शून्य आणि दोन वाजल्यापासनं चढत गेलाय का.

बरं मग बघायचं काय? मी आदल्या रात्री काय करतो ते सांगतो, बरोबरच आहे असा दावा नाही, खरं बरीच वर्षं जिवंत आहे.

रात्री जेवल्यावर हवामान खात्याच्या मौसम अ‍ॅपवर जिल्ह्याचा इशारा बघतो. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, केशरी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे घरात बसा असं समज. हवामान खात्याच्या भाषेत बेळगाव उत्तर अंतर्गत कर्नाटकात येतंय, बातमीत "किनारपट्टीला इशारा" ऐकून आपला म्हणू नको आणि आपला नाही म्हणून सोडूनही देऊ नको. यात गोम अशी की आपला जिल्हा अवाढव्य, एका टोकाला कणकुंबी आणि दुसऱ्या टोकाला अथणी, अथणीत वर्षभरात जेवढा पडतो तेवढा कणकुंबीला जुलैच्या एखाद्या आठवड्यात पडू शकतो, आणि दोघांना रंग एकच. म्हणून रंग बघायचा, खरं रंगावर अवलंबून राहायचं नाही. मग विंडीवर दोन वेगवेगळी मॉडेलं बघतो. दोन्ही एकच सांगत असतील तर बरं, एक म्हणतंय शांत आणि एक म्हणतंय वादळ, तर आपण वादळवाल्याचं ऐकायचं. त्यात सीएपीई म्हणून एक लेअर असतो, हवेत वर उसळायची ताकद किती साठलीय ते, ती हजाराच्या वर दिसायला लागली आणि हवेत दमटपणा पण आहे तर दुपारी ढग टॉवरसारखे उभे राहू शकतात. सगळं समजलं पाहिजे असं नाही, मला पण सगळं समजत नाही.

सकाळी निघताना सांबरा विमानतळाचा प्रत्यक्षातला वारा बघतो, वैमानिकांसाठी टाकतात तो, मेटार म्हणतात त्याला. तो अंदाज नसतो, मोजलेला असतो. हिडकलपासनं सांबरा लांब आहे खरं, पण अ‍ॅप म्हणतंय 6 आणि सांबऱ्यात आत्ताच 14 आहे तर समजायचं की आज अ‍ॅप मागं पडलंय. दुपारपर्यंत राहायचंच असेल तर हवामान खात्याचं गोव्याचं रडार आणि दामिनी. दामिनी हे पुण्याच्या आयआयटीएमनं केलेलं विजेचं अ‍ॅप, आजूबाजूला 20 ते 40 किलोमीटरमध्ये वीज पडायला लागली की सांगतं. फोनला रेंज पाहिजे मात्र. बॅकवॉटरच्या आत गेलास की रेंज कधी जाते कळत पण नाही, म्हणून तासाच्या वाऱ्याचा स्क्रीनशॉट मारून ठेवायचा.

हे सगळं जास्तीत जास्त पंधरा मिनटांचं काम. याच्यानं एवढंच ठरतंय की जायचं की नाही आणि किती वाजेपर्यंत. पाण्यात उतरल्यावर फोन खिशात आणि मान वर.

तू लिहिलंस "पूर्वेकडनं काळं झालं". किती वाजता दिसलं पहिल्यांदा? साडेतीनला नव्हे रे. साडेतीनला तू बघितलंस. ते तुझ्या जेवणाच्या वेळेला तयार होत होतं. मेतला दिवस असा असतो बघ: सकाळी आभाळ स्वच्छ, वारं नाही, पाणी काचेसारखं, कारण रात्रीची थंड जड हवा खाली बसलेली असते आणि वरचा वारा तिला हलवू शकत नाही. नऊ-दहानंतर जमीन तापली की खालची-वरची हवा घुसळायला लागते, वरचा वारा खाली उतरतो, म्हणून अकरानंतर धरणावर सुरकुत्या दिसतात. अकरा-बाराला कापसाच्या पुंजक्यासारखे छोटे ढग येतात. ते ढग आडवे पसरले तर ठीक. उभे वाढायला लागले, कडा फुलकोबीच्या गड्ड्यासारख्या कडक, दर दहा मिनटांनी बघितलं तर आधीपेक्षा उंच, तर त्या ढगाचं पुढं काय होणार ते ठरलेलं आहे. त्याचं डोकं चपटं होऊन एका बाजूला पसरलं, लोहाराच्या ऐरणीसारखं, की तो पिकला. ऐरण दिसली की माझं पॅडलिंग संपलं, ढग कितीही लांब असो.

आणि तुझं जे झालं, पाऊस यायच्या आधी वारा, ते असं: ढगात पाऊस पडायला लागला की त्याच्याबरोबर थंड हवा खाली आपटते, जमिनीवर आपटली की चारी बाजूला पसरते, म्हशीनं डबक्यात बूड टेकलं की पाणी कसं चौफेर धावतं तसं. ती धाव पावसाच्या पुढं पाच-दहा किलोमीटर येऊ शकते. म्हणून वारा आधी, मातीचा वास आधी, धूळ आधी, मग पाऊस. उकाडा एकदम वाढून वारा अचानक पडला, पान हलेना, आणि मग गालावर एक गार झुळूक आली, की छान वाटतं, मे महिन्यात कुणाला नाही वाटणार, आणि नेमकं तेव्हाच लोकं म्हणतात वा काय वातावरण झालंय अजून एक राऊंड मारूया. ती झुळूक आली की काठाकडं सुटायचं. आपला काठ नाही, जवळचा काठ. तुम्ही गाडी लावलेला काठ गाठायला बघत होता, हीच चूक. गाडी नंतर चालत जाऊन आणता येते.

पलीकडच्या काठावर धूळ उठली, पाण्याचा रंग लांबवर एकदम काळपट खरखरीत झाला आणि ती काळी पट्टी तुझ्याकडं सरकायलीय, तर तुझ्याकडं मिनटं नाहीत, सेकंद आहेत. बोटीचं तोंड वाऱ्याकडं कर, खाली बस, पॅडल घट्ट. उलटलास तर बोट सोडू नको, रिकामी हवेची बोट वाऱ्यात इतकी जोरात जाते की पोहून कधीच सापडणार नाही.

विजेचं थोडक्यात. चमकल्यापासनं आवाजापर्यंत सेकंद मोज, तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला म्हणजे दहा किलोमीटरच्या आत आहे, पुढची तुझ्यावर पडू शकते, बाहेर ये. एकट्या झाडाखाली नाही, धरणाच्या भिंतीवर तर अजिबात नाही, काचा लावून गाडीत बस. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास. "गेला वाटतं" म्हणून उतरणारे नग मी बघितलेत.

काठावरच्या गोष्टी पण बघायला शीक, फुकटच्या आहेत. देवळावरचा झेंडा कुठं फडफडतोय, वीटभट्टीचा किंवा पाचट पेटवलेला धूर उभा जातोय की आडवा झोपलाय, सौंदत्तीच्या बाजूला गेलास तर पवनचक्क्यांची तोंडं कुणीकडं. आणि जाळी टाकणारी माणसं. मी सुरुवातीला हिडकलला जायचो तेव्हा काठावर एक म्हातारे जाळं विणत बसलेले असायचे, एकदा मी बोट उतरवताना आभाळाकडं न बघताच म्हणाले, "गाळि बर्तैती." वारा येतोय. माझं कन्नड बाजारापुरतं, अ‍ॅप सगळं हिरवं, म्हटलं बघूया. तासाभरात झालं ते झालंच. नंतर विचारलं कसं ओळखलंत, तर म्हणाले काय की, बगळे लवकर परतले. आता बगळ्यांचं शास्त्र मला माहीत नाही, खरं तेव्हापासनं उतरायच्या आधी काठावरच्या माणसाला विचारल्याशिवाय मी उतरत नाही. सगळ्या जाळीवाल्यांच्या होड्या काठाला ओढलेल्या असल्या तर विचारायची पण गरज नाही.

त्या दिवशी माझं काय झालं ते पण सांगतो, तुला एकट्याला लाज वाटायला नको. वारा पाठीमागनं होता, बोट अशी पळायली की मी स्वतःला फार मोठा पॅडलर समजून सोडलो. अर्ध्या तासात जेवढं गेलो तेवढं परत यायला दीड तास मारून निम्मं पण झालं नाही. शेवटी काठाला लागलो, बोटीतली हवा काढली, गुंडाळून खांद्यावर टाकली आणि उसाच्या बांधावरनं चालत आलो. एका शेतकऱ्यानं ताक दिलं आणि हसून हसून बेजार झाला. तेव्हापासनं नियम: जाताना वाऱ्याच्या तोंडावर, येताना वाऱ्यासोबत. जाताना दमलास तर लवकर परत फिरशील, आणि परत फिरलास की वाराच घरी आणून सोडतो. आणि आपल्या काठावरनं पाण्याकडं वारा असेल तर जास्त जप, काठाला झाडं-टेकडी आडवी असल्यानं तिथं पाणी गप्प दिसतं, खरं आत जाईल तशा लाटा मोठ्या होत जातात, उघडं पाणी जेवढं लांब तेवढी लाट मोठी. हिडकल म्हणजे तळं नव्हे रे, 51 टीएमसीचं धरण आहे.

आता जून तोंडावर आलाय म्हणून एक गोष्ट लिहितोच, तू विचारली नसलीस तरी. पावसाळ्यात नदीत उतरायचं डोक्यात असेल तर काढून टाक. आपल्या नद्यांची गंमत अशी की पाणी एका जागी पडतं आणि पूर दुसऱ्या जागी येतो. खानापूरला लख्ख ऊन, मलप्रभा संथ, आणि वर कणकुंबीला रात्रभर कोसळलेला असतो, ते पाणी दुपारी येतं. घटप्रभा, ताम्रपर्णी चंदगडकडनं, दूधगंगा-वेदगंगा कोल्हापूरकडनं, आणि चिकोडीकडची कृष्णा तर कोयनेतनं किती सोडलं त्याच्यावर. 2019 आणि 2021 ला काय झालं ते चिकोडी-निपाणीकडच्या कुणालाही विचार. म्हणून नदीसाठी आपल्या गावचा अंदाज बघून उपयोग नाही, वरच्या गावचा बघायचा, आणि धरणातनं विसर्ग किती तो पेपरात रोज येतो. हवामान खातं 24 तासांत 64.5 मिलिमीटरच्या वर पडला की त्याला जोरदार पाऊस म्हणतं, घाटात तेवढा तर पावसाळ्यात नेहमीचाच. काली नदीचं अजून वेगळं, गणेशगुडीला पाऊस असो नसो, सुपा धरणाच्या वीजघरातनं पाणी सोडलं की नदी चढते, तिथल्या राफ्टवाल्यांना विचारल्याशिवाय पाय पण घालू नको. आणि कोल्हापुरी बंधारे. पाणी वरनं जात असलं तर तो बंधारा वरच्या बाजूनं दिसत पण नाही, नुसती एक गुळगुळीत रेघ दिसते, आणि खाली पाणी जागच्या जागी उलटं फिरत असतं, त्यात सापडलेला माणूस लाईफ जॅकेट असून बाहेर येत नाही. याच्यावर एकदा वेगळं लिहीन.

पाऊस गेल्यावर, दिवाळीनंतर, आपला खरा सीझन. धरणं भरलेली, वळीव नाही, सकाळ शांत. तेव्हा धुकं बघायचं. आदल्या दिवशी ओल, रात्री आभाळ स्वच्छ, वारं नाही, आणि अ‍ॅपवर तापमान आणि दवबिंदू जवळ जवळ सारखे दिसले, की पहाटे पाण्यावर असलं धुकं बसतं की स्वतःच्या बोटीचं टोक दिसत नाही. अशा वेळी दोन तास उशिरा उतरायचं. धुक्याचे फोटो काठावरनं पण चांगले येतात.

राहिली आई. तिला "काय होत नाही गं" म्हणू नको, झालंय ते तिनं ऐकलंय. तिला कामाला लाव. निघायच्या आधी तिच्या फोनवर लिहून टाक: कुठल्या गावाजवळनं उतरणार, सोबत कोण, गाडी कुठं लावलीय, पाण्यातनं बाहेर किती वाजता. मेमध्ये ती वेळ सकाळी साडेदहा, त्याच्या पुढं नाही, जेवून परत उतरणं बंद. बाहेर आलास की पहिला फोन तिला. साडेदहाचे साडेअकरा झाले आणि फोन नाही, तर आधी तुझ्या भावाला, मग ज्या गावाजवळनं उतरलास तिथल्या ओळखीच्या माणसाला, मग 112 ला, हे तिच्या फोनवर तूच सेव्ह करून दे. आणि एकदा तिला घेऊनच जा हिडकलला, सकाळी सातला, डब्यात अवलक्की घेऊन. काठावर खुर्ची टाक. मावशी बसल्या बसल्या आभाळ तुझ्यापेक्षा चांगलं बघतील, पापड-सांडगे वाळत घातलेल्या बायकांना ढग बरोबर कळतो.

बोट विकायचीच झाली तर आधी मला कळव, किंमत काय ते पण सांग. आणि ती पंखी शोध.